दोर धरायला जिवाचं माणूस

डोळे उघडे ठेवूनच कल्पना करा. तुम्ही एका छोट्या होडीत बसला आहात. खाली हिरवं, थंडगार पाणी आहे. तुमच्या हातात एक दोर आहे, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या तळाशी, तुमची आई आहे.

नऊ वर्षांची अन्वी अशीच बसली होती. वेल्सच्या किनाऱ्यापासून थोडं आत, जुलैतल्या एका सकाळी.

तिची आई अर्चना मँचेस्टरच्या युनिव्हर्सिटीत समुद्री जीवांबद्दल शिकवायची. जपानमधल्या एका लहानशा बेटावर ती दोन उन्हाळे राहून आली होती. तिथल्या बायका पाठीवर हवेची टाकी न बांधता, नुसता श्वास रोखून बुडी मारायच्या आणि शिंपले काढायच्या. सत्तर वर्षांच्या उमे आजींनी अर्चनाला ती विद्या शिकवली. तळहातापेक्षा लहान शिंपला उचलायचा नाही, त्याला वाढू द्यायचं. उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवायचा, कारण त्याखाली कुणाचं तरी घर असतं. वर आलं की शीळ घातल्यासारखा हळूहळू श्वास सोडायचा. आणि कमरेचा दोर धरायला जिवाचं माणूसच हवं. दोन हिसके बसले की त्याने ओढायचं.

"परक्याचा हात क्षणभर उशिरा हलतो," उमे आजी म्हणायच्या.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. खाली कधीकधी आपल्याच माणसाचा चेहरा घेतलेलं कुणीतरी भेटतं. ते एक मोठा, सुंदर शिंपला पुढे करतं. तो घेणारी बाई वर येत नाही. म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवायची आणि सरळ वर यायचं.

"एवढं सोडलं तर बाकी सगळं सायन्स आहे," अन्वीचे बाबा, सुयश, चिडवायचे. अर्चनाही हसायची. पण उमे आजींचा एकही नियम तिने आजवर मोडला नव्हता.

एरवी दोर बाबा धरायचे. आज अन्वीने हट्टाने मागून घेतला होता. बाबा वल्ही सांभाळत होते.

खरं तर आज ती पाण्याजवळ येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. काल पाण्यातले सील प्राणी बघता बघता ती धक्क्यावरून पाय घसरून पडली होती. बाबांनी उडी मारून तिला बाहेर काढलं, पण तोवर ती चांगली दहा-पंधरा सेकंद पाण्याखाली होती. अर्चनाला रात्रभर झोप लागली नाही. अन्वी मात्र शांत झोपली. सकाळी पोह्यांतले शेंगदाणे बाजूला न काढता तिने डिश साफ केली. टॅबलेट मागितला नाही. होडीत तिला मळमळलंही नाही.

"समुद्राने पोरगी धुऊन दिली," बाबा म्हणाले. "एकदम नवी कोरी! दर वीकेंडला आणायला हवं हिला."

"बाबा, गप ना. मी मोजतेय."

"थंडी नाही वाजत? जॅकेट घाल."

"नाही वाजत."

"माझे दात वाजतायत इथे! मँचेस्टरची पोर खरी."

अन्वीने चाळीसपर्यंत मोजलं. पन्नासपर्यंत मोजलं. पाणी अगदी स्थिर होतं.

दोराला दोन हिसके बसले.

अन्वी वाकून पाण्यात बघत राहिली.

"अन्वी! ओढ!" बाबा ओरडले.

मग तिने ओढलं, इतक्या जोरात की होडी एका अंगाला कलली. अर्चना वर आली. नेहमीची शीळ नव्हती, ती नुसती धापा टाकत होती. बाबांनी तिला दंडाला धरून आत घेतलं. तिने आधी अन्वीला मिठी मारली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"उमे आजी खरं सांगत होत्या, सुयश. खाली कुणीतरी होतं. हिचा चेहरा होता. अगदी हिचा."

"काहीतरीच काय! शेवाळ असेल."

"शेवाळाला डोळे असतात का रे? माझ्याकडे बघत होतं. मी पाठ फिरवली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

"शाब्बास. आणि तो शिंपला? होता का, मोठा, सुंदर?" बाबांनी हसायचा प्रयत्न केला.

अर्चना बोलायला गेली आणि थांबली. अन्वीच्या पाठीवरचा तिचा हात सावकाश खाली आला.

"शिंपला नव्हता," ती म्हणाली. "हात रिकामा होता. नुसताच माझ्याकडे पुढे केलेला."

तिने अन्वीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

मग अर्चना धडपडत उठली आणि पाण्याकडे वळली. पण अन्वीने तिच्या कमरेची गाठ केव्हाच सोडली होती. तिने सगळा दोर पाण्यात टाकला, तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला, आणि दोन्ही हातांनी आईला घट्ट धरलं.

"मी आहे ना इथे," ती म्हणाली.