दर ओढीला एक

खोकं एवढं मोठं असेल हे उल्हासरावांनी घरात सांगितलं नव्हतं. कुरियरवाल्याने ते दारात टेकवलं तेव्हा नेमक्या वीणाताई पायरीवर उभ्या होत्या.

"हे काय, फ्रिज मागवलात?"

"अगं, प्रेस आहे. प्रोग्रेसिव्ह. काडतुसं भरायचं मशीन."

"आणि जुन्याला काय धाड भरली होती?"

जुन्याला खरंच काही धाड भरली नव्हती. इंग्लंडातल्या स्लाऊ गावच्या त्या घराच्या गॅरेजमध्ये ते वर्षानुवर्षं इमानाने चाललं होतं. पण त्यावर एका वेळी एकच काम व्हायचं. काडतुसाची तीच रिकामी पुंगळी पुन्हा पुन्हा हाताने उचलून बसवायची. अख्खी दुपार घालवावी आणि हाती मूठभर काडतुसं यावीत. नव्याचं तबक आपोआप फिरायचं आणि दांडा ओढला की दर ओढीला एक तयार काडतूस खाली पडायचं. रिटायर झालेल्या इंजिनिअरला मोहात पाडायला एवढं पुरे होतं.

"यंदा क्लबची ढाल आपल्या घरात यायला हवी की नको? मग प्रॅक्टिस हवी. प्रॅक्टिसला काडतुसं हवीत."

ढालीचं नाव निघालं तशा वीणाताई पायरीवरून बाजूला झाल्या. गेल्या वर्षी नेमबाजीच्या ऐन स्पर्धेत एक काडतूस फुसकं निघालं होतं आणि ढाल ट्रेव्हरच्या घरी गेली होती. ते काडतूस उल्हासरावांनी स्वतःच्या हाताने भरलेलं. तेव्हापासून क्लबात ट्रेव्हर समोरून आला की हे बूट बांधायला खाली वाकत.

"ठीक आहे," वीणाताई म्हणाल्या. "पण रविवारी स्पर्धेत एक जरी फुसकं निघालं, तर हे धूड परत जाईल."

घरातले नियम कडक होते. बंदुकीच्या कपाटाची किल्ली वीणाताईंकडे असायची आणि ती त्या नवऱ्याच्याही हाती लागू देत नसत. त्या शेजारी बसल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. लायसन्सच्या रिन्युअलसाठी पोलिसांचा माणूस घरी आला, तोही बराच वेळ वीणाताईंशीच बोलत बसला. उल्हासराव आपले बिस्किटांची बशी पुढे करत राहिले.

शनिवारी समोरच्या फ्लॅटमधला श्रीनिवास मशीन बघायला आला. तो पुण्याहून नुकताच वर्क व्हिसावर आला होता.

"काका, हे घरी करणं लीगल आहे इथे?"

"एकदम लीगल. लायसन्स आहे, क्लब आहे, सगळं रीतसर."

"काय भारी! म्हणजे तुम्ही छुपे रुस्तमच निघालात की!"

उल्हासराव जरा फुलले आणि दांडा उगाचच ऐटीत ओढला. वीणाताई कोपऱ्यात खुर्ची टाकून, तांदूळ निवडावेत तशी काडतुसं निवडत होत्या.

"हे नको," त्यांनी एक बाजूला काढलं.

"अगं, मशीनमधून आलंय. ते कसं चुकेल?"

"तोलून बघा."

उल्हासरावांनी तोलून पाहिलं. चुकलं होतं. ते निमूटपणे मशीन थांबवून स्क्रू पिळत बसले.

"काकू जाम स्ट्रिक्ट आहेत," श्रीनिवास कुजबुजला.

"तुला काय सांगू," उल्हासराव पुटपुटले.

निघताना वीणाताई उजवा खांदा चोळताना त्याला दिसल्या. पोरगा तसा प्रेमळ होता. "काकू, पोळ्या लाटून होतं ते. माझ्या आईचं सेम आहे. बाम आणून देऊ?"

वीणाताई नुसत्या हसल्या. "उद्या ये रेंजवर," त्या म्हणाल्या.

रविवारी त्यांनी सकाळचा चहा घेतला नाही. स्पर्धेच्या दिवशी त्यांचा तो नेमच होता. उल्हासरावांनी मात्र तीन कप रिचवले.

रेंजवर आडनाव पुकारलं गेलं, "कर्णिक!" पहिला बार झाला. पुंगळी उडून सिमेंटवर खणखणली. मग दुसरा, मग तिसरा. दर बाराला ते मनातल्या मनात हात जोडत होते. गेल्या वर्षी चाप ओढल्यावर नुसतंच टक् झालं होतं, तो आवाज अजून त्यांच्या कानात होता. शेवटचा बार होईपर्यंत ते मनात मोजत राहिले.

एकही फुसकं निघालं नाही. उल्हासरावांना तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं.

श्रीनिवास पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मोटरवेवर ट्रॅफिकमध्ये अडकला होता बिचारा. उल्हासराव गुडघ्यांवर बसून रिकाम्या पुंगळ्या डब्यात गोळा करत होते. त्या पुन्हा भरायच्या असतात, टाकायच्या नसतात.

"सॉरी काका, लेट झालो. काय झालं?"

"ढाल आली रे! एकन् एक काडतूस वाजलं!"

"जबरदस्त! उठा, फोटो काढतो. काकू, तुम्हीपण उभ्या राहा ना काकांशेजारी."

इथे मागच्या वर्षीच्या विजेत्याने नव्याच्या हाती ढाल द्यायची अशी रीत होती. ट्रेव्हर ती छातीशी धरून येताना दिसला, तसा श्रीनिवासने मोबाइल सरसावून उल्हासरावांवर धरला. यंदा उल्हासराव बुटाकडे वाकले नाहीत.

ट्रेव्हरने हसून त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि तो त्यांना ओलांडून सरळ पुढे गेला.

"वेल शॉट, वीणा," तो म्हणाला.

वीणाताईंनी बंदूक पिशवीत घालून चेन लावली, उजवा खांदा एकदा चोळला आणि ढाल हातात घेत मागे वळून म्हणाल्या, "अहो, राहू दे ते मशीन."