दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

"बठ्ठं वाच," उखर्डूभाऊ म्हणाले. "काही सोडू नको."

बन्सीलालने वहीचं पान हाताने सरळ केलं. एरंडोलच्या वाचनालयात अडतीस वर्षं इतरांची पुस्तकं सांभाळल्यावर त्याने स्वतःचं एक लिहिलं होतं, अठ्ठेचाळीस पानांचं. लोकांच्या ओठांवर राहणारा आवाज कसा घडतो, हा विषय. बाकी मजकूर छापखान्यात गेला होता. राहिलं होतं ते शेवटचं प्रकरण. ज्यांच्या आवाजावर ते लिहिलं, त्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. ठरवल्यावर सोनगीरला भाऊंच्या घरी यायला त्याला दोन वर्षं लागली.

समोरच्या दुकानात तांबटाची ठोकाठोक चालू होती.

"चुकलं असेल तर सांगा, भाऊ," तो म्हणाला. वाचनालयात तारखेचा शिक्का मारतानाही तो हेच म्हणायचा.

गोष्ट छत्तीस वर्षांपूर्वीची. उखर्डूभाऊ तेव्हा साऱ्या खानदेशात लग्नाचे मांडव गाजवत होते. धुळ्यात कापडाच्या दुकानावरच्या एका खोलीत त्यांची कॅसेट तयार होत होती आणि दुसऱ्या बाजूला एक गाणं कमी पडत होतं. एरंडोलच्या ग्रंथपालाच्या आईकडे कापूस वेचतानाचं एक जुनं गाणं आहे, असं कोणीतरी सांगितलं. आई गेलेली होती. म्हणून चाल दाखवायला बन्सीलालला बोलावलं.

तो गेला. खोलीत सात-आठ माणसं होती. भिंतीवर एक लाल दिवा जळत होता. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे सहन होईना, तेव्हा त्याने डोळे मिटले आणि हातातला कागद घट्ट धरून आईचं गाणं म्हणून दाखवलं. पेटीवाला आणि ढोलकीवाला चाल समजून घेत मागून येत राहिले. ते संपताच तो जिना उतरला, कारण शेवटची गाडी गाठायची होती. उखर्डूभाऊ कसे गायले, हे त्याने पाहिलंच नाही. त्याआधी तो चारचौघांत कधी गायला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

चार महिन्यांनी पारोळ्याच्या स्टँडवर, चहाच्या टपरीत ते गाणं लागलं. बन्सीलालच्या हातातला चहा निवून गेला. शब्द आईचे होते, चाल आईची होती, पण तो आवाज कुठल्या माणसाचा वाटत नव्हता. शेतात दुपारी एकटं असताना कानाशी कोणी बोलावं, तसा तो वाटत होता. गठुडं घेतलेली एक बाई गाडीची पायरी चढता चढता तिथेच थांबली. कंडक्टरनेही गाणं संपेपर्यंत घंटी दिली नाही.

आपण दाखवलेलं ते ओबडधोबड गाणं या माणसाच्या गळ्यात जाऊन असं कसं झालं? या एका प्रश्नापायी त्याने पुढे शेकडो गाणी ऐकली, वह्या भरल्या, पुस्तक लिहिलं.

तो वाचू लागला. "इतर गाण्यांत उखर्डूभाऊंचा आवाज मांडवाबाहेर ऐकू जातो. या गाण्यात तो परवानगी मागत आत येतो. एकाच गळ्यात असे दोन आवाज असणं, यापुढे मला हात जोडावेसे वाटतात."

"मनी बायकोनी बी इतलं कौतुक नही करं कधी," उखर्डूभाऊ म्हणाले. त्यांची सून चहा ठेवता ठेवता हसली आणि आत गेली.

"दुसऱ्या कडव्याआधी आवाज किंचित कापतो. शिकलेला गायक ते कापणं लपवतो. इथे ते राहू दिलं आहे. शेवटचा सूर तर विरायच्या आतच तोडला आहे. कुठे थांबायचं, हे फार थोड्यांना कळतं."

उखर्डूभाऊंनी बशी खाली ठेवली. "मी हाई गाणं स्टेजवर कधीच म्हटलं नही, ते बी लिखेल शे का?"

"आहे ना. जळगावला लोकांनी खुर्च्या आपटल्या, तरी तुम्ही म्हटलं नाही. मी लिहिलंय, खरा गायक आपल्या सर्वोत्तम गाण्याची नक्कल करत नाही."

"नक्कल करी दखी, बन्सीभाऊ. छत्तीस वरीस करी दखी. जमनी नही."

बन्सीलालला हे इतकं थोर वाटलं की त्याने ते समासात टिपून घेतलं. मग धीर करून म्हणाला, "भाऊ, शेवटचं पान मी कोरं ठेवलंय. तो आवाज त्या दिवशी आला कुठून, एवढं सांगा. ते कळलं नाही, तर माझं पुस्तक अर्धंच राहील."

उखर्डूभाऊंनी वहीतलं ते कोरं पान पाहिलं. मग उठले. कपाटातल्या धोतरांखालून त्यांनी एक कॅसेट काढली. तिच्यावर नाव नव्हतं.

"कॅसेटना मालक व्हता ना रुपचंद, त्यानी दियेल शे. बाजारमा गई ती कापेल व्हती. हाई पुरी शे."

त्यांनी जुन्या टेपमध्ये ती घातली आणि बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. बन्सीलालने ते हजार वेळा ऐकलं असेल, तरी त्याचे हात मांडीवर आपोआप जुळले. समोरची ठोकाठोक थांबली. तांबट हातोडी धरूनच दाराशी येऊन उभा राहिला. दुसऱ्या कडव्याआधी आवाज कापला, सावरला. शेवटचा सूर या वेळी तुटला नाही. तो विरत विरत पार संपेपर्यंत ऐकू आला.

बन्सीलालने डोळे पुसले आणि पेन उघडलं.

"थांब," उखर्डूभाऊंनी त्याचं मनगट धरलं. "पुढे आयक."

फीत खरखरली. कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. आणि मग तोच आवाज, आता नुसता बोलत, अवघडून म्हणाला, "चुकलं असेल तर सांगा, भाऊ. निघतो मी, एरंडोलची गाडी चुकेल."