मोकळ्या तारा

गॅरेजमध्ये स्वतःचं मशीन बनवताना दादा शॉक लागून गेला, तेव्हा धाकट्याने सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं की बटण दादानेच चालू ठेवलं होतं. धडधडीत खोटं होतं ते. बटण धाकट्याच्या हाताशी होतं. दादाने टेबलावर दोनदा थाप मारली होती, म्हणजे ‘बंद कर’. ही खूण फक्त दोघा भावांची. आणि हा शहाणा फोनमध्ये तोंड खुपसून बसला होता.

आज दुपारी वहिनीच गॅरेजमध्ये येऊन बसली.

“भावजी, यांचं मशीन पुरं करायचं. मलाही काम सांगा.”

त्याने नवी मोटर खोक्यातून काढून तिच्या हातात दिली. मोटरच्या चार तारांच्या जोड्या शोधायच्या होत्या.

“मी दोन तारा एकमेकींना टेकवतो, तुम्ही दांडा फिरवत राहा. जड लागला की जोडी जमली.”

“लग्न जमवण्यापेक्षा सोपं आहे की!” वहिनी कितीतरी महिन्यांनी हसली. मग म्हणाली, “हं, झाला जड.”

त्याने अजून तारांना हातही लावला नव्हता. चारही तारा टेबलावर एकमेकींपासून लांब पडल्या होत्या. मशीनचा प्लग तर भिंतीत लावलाच नव्हता.

“नीट बघा, वहिनी.”

“अहो, पलीकडून कुणीतरी घट्ट धरल्यासारखं लागतंय.”

तेवढ्यात तिच्या बोटांना हिसका बसला. क्षणभर थांबून आणखी एक.

वहिनीने दांडा सोडला नाही. तिने मान वर करून थेट त्याच्याकडे पाहिलं.

“भावजी, दोनदा म्हणजे काय?”