इतिहासाचा टोप

"टोप घालून जगलेला इतिहास मुलं विसरत नाहीत, रेजिना. निलोफरच्या अब्बांनी केली, तू तरी सही करू नकोस," असं समोरच्या हमीदाभाभीने बजावलं होतं. "भाभी, तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत रेजिनाने, डोक्यावर चढवला की जुना काळ प्रत्यक्ष जगायला लावणाऱ्या त्या टोपाचं संमतीपत्र शाळेत पाठवून दिलं होतं.

आज तिची चौथीतली मार्टिना भरलेला डबा तसाच परत घेऊन आली. एरवी भाभीच्या निलोफरशिवाय तिला घास उतरत नसे.

"मी नाही तिच्यासोबत जेवणार. तिने माझ्या भावाला बाण मारला."

"तुला भाऊ कुठून आला गं?"

"जेरुसलेमच्या तटाखाली होता. मग आम्ही आत घुसलो." मार्टिना आपले हात फ्रॉकला पुसत राहिली. हात स्वच्छच होते.

रेजिनाने थेट शाळेत फोन लावला. "हजार वर्षांपूर्वीचं ख्रिस्ती-मुसलमानांचं धर्मयुद्ध नऊ वर्षांच्या पोरींना लढायला लावता? बाजू कोणी वाटल्या?"

"टोपच ठरवतो, आडनाव बघून," बाई कौतुकाने म्हणाल्या. "मार्टिनाला पैकीच्या पैकी मिळालेत, मॅडम!"

"आणि निलोफरला?"

"तिचा धडा लवकर संपला."

रेजिना अनवाणीच समोरच्या घरात धावली. निलोफर पलंगाखाली अंग चोरून बसली होती आणि रेजिनाचा आवाज ऐकताच आणखी आत सरकली.

तिथेच जमिनीवर बसून रेजिनाने पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, "गुण नंतर विचारा. आधी उठा आणि तुमचं लेकरू घरात कुठे बसलंय ते बघून या."