सात नंबरचा व्हॉल्व्ह

दहा वाजता आम्ल सोडायचं होतं. पाच मिनिटं उरली असताना आम्लाच्या पाइपावरच्या सात नंबरच्या गेट व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी गुंडाळलेली दिसली. साखळीत लाल कुलूप होतं आणि कुलपाला बांधलेल्या पट्टीवर नाव होतं, फर्नांड आर्सेनो.

ग्रँटनं ते नाव वाचलं आणि फर्नांडला बोलवायला सांगितलं. फर्नांड सापडला नाही.

ग्रँट या कागदाच्या लगद्याच्या गिरणीचा नवा व्यवस्थापक. गिरणी अकरा दिवस बंद होती. टोरांटोच्या मुख्य कचेरीतून त्याला दिवसातून तीनदा फोन यायचे. पण कुलपाचा नियम त्यालाही माहीत होता. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. कुलूप आहे याचा अर्थ त्या पाइपच्या पुढे, टाकीत, माणूस काम करतो आहे. तो माणूस बाहेर उभा असलेला डोळ्यांनी दिसेपर्यंत चाक हलवायचं नाही.

फर्नांडच्या कार्डावर सकाळी पाच बावन्नला आत आल्याचा शिक्का होता. बाहेर गेल्याचा नव्हता. त्याचा ट्रक आवारात उभा होता, टपावर चार बोटं बर्फ साचलेला.

त्याच्या बायकोला प्रयोगशाळेतून बोलावलं. ओडेट गिरणीत धातू आणि आम्लं तपासायची. ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

आज कुठे काम आहे ते त्यानं सांगितलं होतं का, असं ग्रँटनं विचारलं. नाही, ती म्हणाली. घरी गेला असेल का? घरी नाही. तिनं सगळ्यांसमोर त्याचा नंबर लावला. फोन आवारातल्या ट्रकच्या आत वाजत असल्याचं फाटकावरच्या माणसानं येऊन सांगितलं.

परवाच ग्रँट आणि ओडेटचं वाजलं होतं. दुरुस्तीत बसवलेल्या चौदा नव्या व्हॉल्व्हांवर ओडेटनं रसायनाचे थेंब टाकून पाहिले होते, आणि यायला हवा तो रंग एकावरही आला नव्हता. हे पोलाद ते पोलाद नव्हे, ती म्हणाली होती. गरम आम्ल ते खाईल, आणि या पाइपाखाली पाळीला नऊ माणसं असतात. ग्रँटनं विक्रेत्याचं प्रमाणपत्र तिच्यापुढे ठेवलं होतं. तिनं धातूचा कीस फ्रेडरिक्टनच्या प्रयोगशाळेला पाठवला, तोवर थांबा म्हणाली, आणि तो नाही म्हणाला. आज त्यातलं कुणीच काही काढलं नाही.

टाकीचं झाकण उघडलं. आत उतरायला आल्सीद पुढे झाला. एकसष्ट वर्षांचा. फर्नांडला फिटरकाम त्यानंच शिकवलेलं. कमरेला दोर बांधून घेताना तो म्हणाला, "हा जाड्या आत अडकला असेल तर मला क्रेन लागेल." कुणी हसलं नाही.

वीस मिनिटांनी तो वर आला. तळाशी गुडघाभर जुना लगदा होता, बॅटरीच्या उजेडात काही दिसत नव्हतं. काठी घेऊन तो पुन्हा उतरला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. तरी तो दोर सोडेना.

"आल्सीद, पुरे आता," ओडेट म्हणाली. "तुम्ही नका जाऊ."

"पोरी, तुझा नवरा आहे तो."

तिनं काही बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. आल्सीद तिसऱ्यांदा उतरला.

दोन वाजता ग्रँट स्वतः लोखंड कापायची कातरी घेऊन आला. टोरांटोशी बोलणं झालं होतं. टाकी तीनदा पाहिली, आत कुणी नाही, कुलूप कापायचं, असं त्यानं सांगितलं. ओडेट चाकासमोर येऊन उभी राहिली.

"आत नाही, तर कुठे आहे?" तिनं विचारलं.

"ते मला काय माहीत?"

"मग कापा. पण चाकही तुम्हीच फिरवा. यांच्यापैकी कुणाला सांगू नका."

फिटरांनी एकेक करून हातमोजे काढले आणि पाइपावर ठेवले. ग्रँटनं चाकाकडे पाहिलं. भराभर फिरवलं तरी पूर्ण उघडायला चाळीस फेरे लागले असते. मग त्यानं कातरी जमिनीवर ठेवली.

फ्रेडरिक्टनचा फोन चारला वीस मिनिटं कमी असताना आला. ग्रँटनं आकडे लिहून घेतले, पुन्हा वाचून दाखवायला सांगितले. ओडेटचं म्हणणं शब्दशः खरं निघालं होतं. आज आम्ल सोडलं असतं तर ते व्हॉल्व्ह किती तास टिकले असते, हे सांगायला पलीकडचा माणूस तयार नव्हता. ग्रँट बाहेर येऊन लोखंडी पायरीवर बसला.

"चौदाच्या चौदा काढायचे," तो म्हणाला. "गिरणी सुरू होणार नाही." मग त्यानं ओडेटकडे न पाहता म्हटलं, "त्याच्या कुलपानं आज नऊ माणसं वाचवली. आणि तो बिचारा..."

आल्सीदनं अंगावरची घोंगडी बाजूला केली आणि दोर पुन्हा कमरेला बांधायला घेतला. गारठलेल्या बोटांनी गाठ बसेना. ओडेटनं त्याचे दोन्ही हात धरले.

"पाच मिनिटं थांबा," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

ती प्रयोगशाळेत गेली. दार लावलं, आणि काराकेत गावी आईच्या घरी फोन लावला.

"आई, फर्नांड जेवला का?" तिनं विचारलं. "बरं. त्याला म्हणावं, आता आलास तरी चालेल."