सात ओळींची समुद्रकाकडी

शिओरीने समुद्रकाकडी या समुद्री प्राण्याची नवी प्रजाती शोधली. पण तसं काही झालंच नाही असं धरून चला.

तारामासा घ्या की समुद्रकाकडी, या प्राणिसंघात सगळ्यांचं अंग पाच भागांत बेतलेलं. या नव्या समुद्रकाकडीच्या पायांच्या ओळी मात्र सात होत्या. पीएचडी पक्की होती. शिओरीने तिची बादली क्षणभर संशोधन केंद्राच्या स्वयंपाकघराच्या दारात टेकवली. शेजारचे कोळी न सांगता मासळी ठेवून जातात, ते त्याच दारात.

"कोणी ठेवली गं ती? मी व्हिनेगर घालून वाढली, सरांनी चाटूनपुसून खाल्ली," स्वयंपाकघरातल्या तोमिए काकू म्हणाल्या.

"नमुना नाही, तर प्रजाती नाही," शिओरीचे मार्गदर्शक कुवाबारा सर ओठांवरचं व्हिनेगर पुसत म्हणाले.

शिओरीने विद्यापीठाला अर्ज केला.

"सदर नमुना प्रा. कुवाबारा यांच्या पोटात असल्याने, त्यांनाच स्पिरिटच्या बरणीत घालून संग्रहालयात ठेवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."