पेटीतली हाक

सुज्ञ वाचकहो, पुढील कथन मी पूर्ण शुद्धीत करीत आहे.

सावली गावातील माझ्या दुकानात सागवानी पेटीसाठी, सारे स्वर एकट्याने काढणारा फुल-रेंज स्पीकर मी पारखत होतो. पत्नी वच्छलेची मोबाईलवर टिपलेली "जेवाले या" ही हाक एकेक स्पीकर पेटीत बसवून वाजविली. तिसऱ्यातून तिच्याच आवाजात पुढे आले, "श्रीहरी!"

वच्छला दचकली. "मी तुमचं नाव कधी तोंडानं घेतलं काय? काढा तो! ओ नोका देऊ!"

"नाई काढत. सगळ्यात साफ हाच बोलून राह्यला. तार काढतो, मंग बोलून दाखव म्हणा!"

तार काढली.

"श्रीहरी!"

मी ताठ मानेने "ओ" दिली. ओठ माझे हलले, माझा आवाज मात्र पेटीतून आला.

स्पीकर मी आजही काढलेला नाही. म्हणूनच हे बोलून न सांगता लिहिले आहे.

वाचकांचा ऋणी,
श्रीहरी मोहुर्ले